अकरा शर्टांनंतर

हे प्रकरण लिहून काढायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात मला तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली, की सर हात चालतो, रंग आहेत, वेळ पण काढलाय, पण कॅनव्हाससमोर बसलं की काहीच होत नाही, मूडच लागत नाही, काय करू. मी शाळेत चित्रकला शिकवतो, डॉक्टर नाही. औषध माझ्याकडे नाही. पण माझ्या डोळ्यासमोर घडलेली एक केस आहे ती जशी घडली तशी सांगतो, तिला विचारूनच, फक्त नाव घालू नकोस म्हणाली म्हणून इथे ती ताई. कॉलेजात मला तीन वर्षं सीनियर होती, तेव्हापासूनच ताई म्हणतो.

ताईचं वय एकोणपन्नास. बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर, वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिला उत्तरेकडे खिडकी, म्हणजे पेंटरला हवा तसा दिवसभर एकसारखा उजेड. ऑइलमध्ये काम करते आणि फक्त माणसं काढते. लँडस्केप नाही, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाही, माणूस बसलाय, उभा आहे, वाट बघतोय, एवढंच, तीन बाय चार फूट. सासूबाई आहेत, नवरा नोकरीत, मुलगी त्याच वर्षी हॉस्टेलला गेली होती. मागच्या शोची चित्रं बऱ्यापैकी विकली गेली म्हणून दसऱ्याच्या सुमाराला मुंबईच्या एका गॅलरीने बारा कॅनव्हास मागितले, आणि फोनवर सांगितलं काय, तर मागच्यासारखंच पण नवीन. मला तर तेव्हाच हसू आलं होतं, ती मात्र खूश होती. दिवाळीपर्यंत चार झाले. पाचव्याला अडकली ती आषाढापर्यंत.

अडकणं म्हणजे रडारड वगैरे काही नव्हतं, बाहेरून बघितलं तर बाई सारखी कामातच दिसायची. कॅनव्हास ताणायची, गेसोचा, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचा, हात मारायची, वाळला की पॉलिश पेपर, परत गेसो, एका कॅनव्हासला पाच थर दिलेले मी स्वतः बघितलेत, बोट फिरवलं तर कडाप्प्यासारखा गुळगुळीत, आता त्यावर रंग धरणार कसा. ब्रश धुवायची. रंग आणायची. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा संध्याकाळी पॅलेट नाइफने खरवडून टाकलं. म्हणायची, रंग मळतायत रे. आता रंग मळतात ते काही नशिबाने नाही. ओल्या रंगावर ओला रंग घालत राहिलं, ऊबदार रंगावर थंड, परत त्यावर ऊबदार, की दहा मिनिटांत सगळं राखाडी चिखल होतं. मनात काही ठरलेलं नसलं की हात नुसता घोटत बसतो. तिला हे माहीत नव्हतं असं नाही, तिनेच मला शिकवलेलं आहे हे.

फोनमध्ये एक फोल्डर होता, नाव प्रेरणा. दोन हजारांच्या वर फोटो. अमृता शेरगिल, ब्रिटिश पेंटर लुसियन फ्रॉइड, आमच्या बडोद्याचे भूपेन खख्खर, इजिप्तमधल्या फय्यूमची जुनी पोर्ट्रेट्स, कुठल्या तरी फोटोग्राफरचे मजूर, सिनेमातल्या फ्रेम्स. सकाळी चहा घेताना म्हणे जरा मन तयार करायला बघते, आणि साडेअकरा वाजायचे. मी एकदा सोबत बसून बघितलं, प्रत्येक फोटोला ती फार तर दोन सेकंद देत होती. आमच्याकडे जेवायच्या आधी लीला, म्हणजे बडोद्याच्या ओल्या, चिवड्याचं पाकीट फोडलं की पानावर बसल्यावर भूक गायब असते, तसलाच प्रकार. पोट भरलेलं पण जेवण झालेलंच नाही.

त्यात ती फोटोवरून काम करायला लागली होती, कारण बसायला माणूस कुठून आणणार. फोनने जवळून चेहरा काढला की नाक पुढे येतं, कान मागे पळतात, आणि सावलीत जे दहा रंग असतात त्यांचा एकच काळा होऊन जातो. फोटोवरून चांगलं काम करणारे पेंटर आहेत, नाही असं नाही, पण त्यांनी आधी शेकडो तास समोर माणूस बसवून काढलेलं असतं, त्यामुळे फोटो कुठे खोटं बोलतोय ते त्यांना कळतं. ताईलाही कळायचं. पण दुसऱ्या दिवशी परत फोटोच.

आता माझी चूक. मला वाटलं हिला खरी चित्रं दाखवू, बडोद्यात राहून फोनवर कसलं बघतेस. मग एका आठवड्यात तीन ठिकाणी घेऊन गेलो. लक्ष्मी विलासला राजा रविवर्मा, सयाजीराव महाराजांनी पॅलेससाठी १४ पौराणिक चित्रं करून घेतली होती त्यांच्याकडून. नंतर कीर्ती मंदिर, तिथे नंदलाल बोस १९३९ ते १९४६ च्या दरम्यान येऊन येऊन चार भिंती रंगवून गेलेत. आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते त्यांचं लाकडी घर, वरच्या मजल्यावर भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, महाभारत, कृष्णलीला, काय काय. कोणी काढली त्यांची नावं कुठे नाहीत. ताईने सगळं नीट बघितलं, फोटो काढले, आणि परत येताना रिक्षात म्हणाली, एवढं सगळं होऊन गेलंय, मी आता काय काढू. म्हणजे फोल्डरमध्ये अजून साठ फोटो वाढले एवढंच. मी पण गप्प बसलो.

बाकी उपाय पण झाले होते. पहाटे पाचला उठणं, तानपुरा लावून बसणं, खोलीला नवा रंग, मोबाईल कपाटात. मोबाईल कपाटात ठेवण्याने जरा फरक पडला म्हणते, पण दोनच दिवस.

आणि मग आषाढातली ती सकाळ. ताईच्या घराखाली जिन्याला लागून एक इस्त्रीवाला आहे, लाकडी टेबल, त्यावर गोधडी, कोळशाची पितळी इस्त्री. एकोणीस वर्षं तो तिथे आहे, ताई लग्न होऊन या घरात आली त्याच्या आसपासच आलेला. पावसाळ्यात त्याला जास्त काम, कपडे धड वाळतच नाहीत, लोक दमटच आणून टाकतात आणि इस्त्री फिरली की वाफ निघते. ताई सासूबाईंच्या साड्या आणायला खाली गेली तर तो म्हणाला, बेन, दस मिनिट. वरून पाऊस. फोन वर चार्जिंगला. ओटल्यावर बसली, हातात लाइट बिल आणि पर्समध्ये बॉलपेन. बिलाच्या पाठीवर काहीतरी करत बसली.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. साड्या कधीच झाल्या होत्या, त्याने दोनदा सांगितलं पण होतं म्हणे.

त्या बिलाच्या पाठीमागचं चित्र माझ्याकडे आहे, मी मागूनच घेतलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला त्यात जास्त शिकायला मिळालं म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्यावर एक माणूस नाहीये, पाच आहेत. झालं काय की तो काही पोज देत नव्हता, तो काम करत होता. पण शर्टाच्या इस्त्रीला क्रम असतो. कॉलर, मग कफ, मग बाही, मग पाठ, मग पुढचे दोन भाग, शेवटी घडी. कॉलरला तो वाकतो आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी टोक ताणून धरतो. पाठीला सगळं वजन उजव्या खांद्यातून खाली येतं, टाच उचलली जाते. मध्येच इस्त्री हवेत झुलवतो, कोळशावरची राख उडायला. पुढचा शर्ट आला की सगळं परत तसंच. म्हणजे समोरचा माणूस हलतोय पण दर तीन मिनिटांनी त्याच जागी परत येतोय. ताईने कॉलरच्या वेळी एक रेघ ओढली, तो बाहीवर गेला तर बाजूला बाहीवालं दुसरं चित्र सुरू केलं, तो परत कॉलरला आला की ही परत पहिल्या चित्रावर. पाच चित्रं एकदम चालू. आम्हाला कॉलेजमध्ये स्टेशनवर आणि मंडईत स्केचिंगला पाठवायचे तेव्हा हेच सांगायचे, हलणाऱ्याच्या मागे धावू नका, तो परत येईल, जागा धरून ठेवा. पंचवीस वर्षांनी आठवलं तिला, तेही आठवलं म्हणून केलं नाही, करता करता आठवलं.

बॉलपेन असल्यामुळे खोडायची सोय नव्हती. चुकलेली रेघ तशीच, बाजूला दुसरी. आणि लाइट बिल असल्यामुळे हे चित्र आहे असं तिच्या डोक्यातच नव्हतं, गॅलरी नाही, बारा नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेली, मुद्दाम. साडेनऊला. तिसऱ्या दिवशी मला फोन, आणि त्यात तिने जे सांगितलं त्यावरून या लेखाचं नाव ठेवलंय. म्हणाली, पहिले पाच-सहा शर्ट नुसता कचरा निघतो, डोक्यात गॅस बंद केला का, आईंची गोळी, तो गॅलरीवाला, सगळं चालू असतं, सात-आठला जरा हात सैल होतो, आणि अकराव्या शर्टच्या आसपास मी नसतेच. मी नसतेच हे तिचे शब्द. तीन मिनिटांचा एक धरला तर अकरा म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं वर. मी तिला विचारलं की घरी कॅनव्हाससमोर तू किती वेळ थांबायचीस, चहाला किंवा फोनला उठायच्या आधी. विचार करून म्हणाली, वीस मिनिटं. म्हणजे नऊ महिने बाई सातव्या शर्टला उठून जात होती आणि मूड नाही म्हणत होती.

इथे थोडं पुस्तकी बोलतो. चिक्सेंटमिहाय म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, कामात बुडून जाण्याच्या अवस्थेला त्यांनी फ्लो नाव दिलं, ते आता सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधी त्यांनी आणि गेट्झेल्स यांनी शिकागोच्या आर्ट स्कूलमधल्या मुलांवर एक काम केलेलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टेबलावर २७ वस्तू, आणि ३१ विद्यार्थ्यांना सांगितलं की यातलं हवं ते घ्या, मांडा आणि चित्र काढा. काहींनी पटकन दोन-चार वस्तू उचलल्या, मांडल्या आणि कामाला लागले. काहींनी बऱ्याच वस्तू हाताळल्या, फिरवून बघितल्या, चित्र अर्ध्यावर आल्यावर पण मांडणी बदलली. जाणकारांनी नंतर चित्रं बघितली तेव्हा या दुसऱ्या मुलांची जास्त ओरिजिनल ठरली. म्हणजे प्रश्न काय आहे हे शोधण्यातच ज्यांनी वेळ घालवला ती मुलं.

ताईच्या केसमध्ये गॅलरीने प्रश्न आधीच सोडवून दिला होता, मागच्यासारखंच पण नवीन. उरलं होतं फक्त कसं. नऊ महिने ती कसं काढू, कसं काढू करत होती, आणि फोल्डरमधले दोन हजार फोटो पण कसं याचीच उत्तरं, फ्रॉइडने मांस कसं रंगवलं, शेरगिलने पांढरा कसा लावला. कुणाला काढू हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिनेही नाही, मीही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की माणसं काढणाऱ्याची गाडी अडली तर आधी बघा समोर कोण आहे ते. बहुतेक वेळा समोर कोणीच नसतं.

पण इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती, कारण कॅनव्हासवर पहिला प्रयत्न परत फसला. सतरा दिवस स्केचेस झाली, वही भरली, मग वर जाऊन तीन बाय चारवर तिने मोठं चित्र मांडलं. बर्न्ट सिएनात, म्हणजे लालसर तपकिरीत, खालचा थर, वरती रंग, चार दिवसांत उभं केलं, मी बघितलं तर मला आवडलं पण होतं, खरं सांगतो. तिने इस्त्रीवाल्याला वर बोलावलं दाखवायला. तो हात पुसत आला, दारातच थांबला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, बेन, आ तो कोई बीजो माणस छे, हा तर कोणी दुसराच माणूस आहे. मग जरा हसून स्वतःच्या खांद्याला हात लावला. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. पाच-सहा किलोची इस्त्री इतकी वर्षं त्याच हातात, होणारच. सगळ्या स्केचेसमध्ये तो खांदा खाली होता, लाइट बिलावर सुद्धा. कॅनव्हासवर आणताना ताईने दोन्ही खांदे लेव्हलमध्ये आणून ठेवले होते, अ‍ॅनाटॉमी नीट केली होती, आणि तिला स्वतःला ते कळलं पण नव्हतं.

ताई म्हणते त्या वाक्याने तिला जेवढं शिकवलं तेवढं पाच वर्षांच्या कोर्सने नाही, पण ताईला असं बोलायची सवय आहे. मुद्दा असा की वर गेल्याबरोबर तिने परत माणूस सोडून चित्र काढायला घेतलं होतं, बारातलं पाचवं. खांदा खरवडला. आणि मग ठरलं की रविवारी ठेला बंद असतो तेव्हा त्याने वर येऊन बसायचं. रीतसर पैसे देऊन. मी या बाबतीत कडक आहे, बसणाऱ्याचा वेळ हा वेळ असतो, आमच्या वेळी कॉलेजातल्या मॉडेललाही पैसे मिळायचे, ओळखीचा आहे म्हणून चहावर भागवू नये. ताईने त्याला एका दिवसाच्या कमाईएवढे दिले, चार रविवार.

पहिल्या रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून आला आणि फोटो स्टुडिओत बसतात तसा बसला. काही उपयोग नाही. फ्रेंच चित्रकार सेझानच्या समोर व्होलार नावाचा चित्रांचा व्यापारी बसायचा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे ११५ वेळा बसला, एकदा डुलकी लागून खुर्चीवरून पडला तर सेझान ओरडला की सफरचंदासारखं बस, सफरचंद हलतं का. ताईची अडचण नेमकी उलटी, हिचा माणूस सफरचंद झाला की हिचं चित्र मरत होतं. दुसऱ्या रविवारी तिने सासूबाईंच्या साड्या आणि घरातली विजेची इस्त्री त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उचलून बघितली, म्हणाला आ तो रमकडुं छे, खेळणं आहे हे, आणि खाली जाऊन आपली पितळी घेऊन आला, निखारे घालून. खोलीत टर्पेंटाइन असतं, मी असतो तर खिडक्या आधी सताड उघडल्या असत्या, यांनी नंतर उघडल्या. पण खांदा खाली आला.

त्या चित्रात आता चेहरा जवळजवळ नाहीच, मान खाली आहे. हातावर सगळं आहे. डाव्या हाताची ती दोन बोटं, कॉलरचं टोक ताणून धरलेली, त्यातल्या एकाच्या नखाची कड तपकिरी आहे, भाजल्याची. शर्टाचा पांढरा हा पांढरा नाहीच, खिडकीकडचा निळसर आणि निखाऱ्याकडचा किंचित शेंदरी, आणि या वेळी ते दोन्ही एकमेकांत मळले नाहीत, कारण कुठला उजेड कुठून येतोय ते समोर दिसत होतं, ठरवावं लागत नव्हतं.

मध्ये एकदा आम्ही परत तांबेकर वाड्यात गेलो, तिच्याच म्हणण्यावरून. या वेळी ताईने फोन काढलाच नाही. एका भिंतीसमोर पाऊण तास, आणि मुख्य देवादिकांकडे नाही तर कडेकडेला उभ्या असलेल्या माणसांकडे बघत होती. म्हणाली, हे कुणाचे तरी ओळखीचे लोक असणार बघ. खरं खोटं कुणास ठाऊक, पण मागच्या वेळी तिला तिथे एवढं सगळं होऊन गेलंय असं दिसलं होतं आणि या वेळी माणसं दिसली. भिंत तीच.

भूपेन खख्खरांची गोष्ट मी तिला आधीही दहा वेळा सांगितली असेल, की हा माणूस चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्यात आला, अर्धा दिवस हिशेब लिहायचा आणि नंतर १९७० च्या दशकात न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा असले लोक रंगवले. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, दिवसभर पेशंट आणि लोकलमधली माणसं, तीच चित्रात. पण मी हे सगळं प्रेरणा म्हणून सांगत होतो, आणि ती फोल्डरमध्ये टाकत होती. या दोघांनाही रोज समोर माणसं होती, कामामुळेच होती, हा भाग आम्ही दोघांनीही ऐकून सोडून दिलेला.

आता एका केसवरून नियम काढू नये हे मलाही कळतं. याच काळात मुलगी हॉस्टेलात रुळली, उन्हाळा संपला, मे महिन्यात बडोद्यात त्या खोलीत कोण पेंट करू शकतं. गॅलरीने तारीख चार महिने पुढे ढकलली, तेव्हा कटकट वाटली होती पण त्यानेही डोक्यावरचं ओझं कमी झालं असणार. यातलं नक्की कशाने काय झालं ते वेगळं काढता येणार नाही. आणि इस्त्रीवाला हा काही फॉर्म्युला नाही, माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून लगेच त्याच्या सोसायटीतल्या इस्त्रीवाल्याचे पन्नास फोटो काढून आणले, मी कपाळावर हात मारला.

हिशेब सांगायचा तर श्रावण ते दिवाळी पाच कॅनव्हास झाले, आधीचे चार धरून नऊ. गॅलरीवाल्याने फोटो बघून विचारलं की हे मागच्यासारखे नाहीत, जरा कुरकुर केली, मग नऊच्या नऊ घेतले. फोल्डर अजून आहे, डिलीट वगैरे काही केलेला नाही, पण चहाच्या वेळी ती आता खाली असते.

गेल्या आठवड्यापासून इस्त्रीवाला गावी गेलाय, पुतणीचं लग्न, महिनाभर येणार नाही. टेबल ताडपत्री घालून बांधून ठेवलंय. परवा ताईकडे गेलो तर दहाव्या कॅनव्हासला गेसोचा तिसरा थर चालू होता. मी काही बोललो नाही, चहा घेतला आणि निघालो. काल रात्री साडेदहाला तिचा फोन, अरे तुझ्या शाळेच्या कोपऱ्यावर तो पंक्चरवाला बसतो ना, तो सकाळी कितीला उघडतो?